उजव्या हाताची पाठ

उजव्या हाताची पाठ. तळवा नाही. आणि डावा हात तर पायजम्याच्या खिशात, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा आरामात. आमचे लाईटवाले भाऊ नाटक सुरू व्हायच्या आधी रंगमंचावर अशी एक चक्कर मारायचे, आणि ती झाल्याशिवाय आमच्यातलं कोणी विंगेतून पाय पुढे टाकत नसे. आधी सगळे डिमर पूर्ण चढवायचे. डिमर म्हणजे दिव्याचा उजेड कमी-जास्त करायची पेटी, एवढं मलाही कळतं. सगळे दिवे रखरखीत पेटले की भाऊ चपला काढून अनवाणी निघायचे. लोखंडी खाट असो, दिव्याचा स्टँड असो, दाराची कडी असो, जे जे धातूचं त्याला हाताची पाठ हळूच टेकवायची, तापलेल्या लेकराच्या कपाळाला टेकवतात तशी. शेवटी म्हणायचे, "चाल." झालं. मग तिसरी घंटा.

पाठच का, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, मी न विचारता.

"तळहातानं धरलं तर करंट मूठ वळवते, मंग सोडतो म्हटलं तरी सुटत नाई. पाठीनं लागलं तर हात आपोआप मागं येते."

"अन् डावा खिशात काहून?"

"एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून निघाला तर मधात काळीज लागते, ताई. त्याले कायले तकलीफ द्या?"

हे बोलणं माझ्या घराच्या ओट्यावर झालं. भाऊ माझ्याकडे लोणच्याची बरणी मागायला आले होते. लोणचं नको, बरणी हवी. चांगली गुडघ्याएवढी, चिनी मातीची. तेव्हा अमरावतीत भाड्याने डिमर मिळणं कठीण, म्हणून भाऊ मिठाच्या पाण्याचा डिमर करायचे. बरणीत खारं पाणी, तळाशी एक पत्रा, दुसरा पत्रा दोरीला बांधलेला. वरचा पत्रा खाली सोडला की दिवा उजळतो, वर ओढला की मंदावतो. मी काही विश्वास ठेवला नाही. म्हणून मला दाखवायला माझ्याच मोरीशेजारी त्यांनी पाणी कालवलं आणि, तारा जोडायच्या आधी बरं का, बोटाने चाखून पाहिलं. म्हणाले, "अजून चिमूटभर." मी मीठ टाकलं. पुन्हा चाखलं. "आता सूर्यास्त बरोबर होईन."

हे ऐकून मला वाटलं, माणूस वेडा आहे. बरणी गेली ती गेलीच. पण त्या संध्याकाळी मी नाटक पाहायला गेले आणि माझ्या लोणच्याच्या बरणीतून झालेला सूर्यास्त पाहून खुर्चीतच गार पडले.

मी मूळची शिवणकामवाली. सातवीपर्यंत शिकले, पुढचं सगळं बघून-बघून. नाटकात शिरले ती कपडे शिवायला. एकदा म्हातारीचं काम करणारी बाई आजारी पडली, मला उभं केलं, तेव्हापासून मी म्हातारीच. पस्तिसाव्या वर्षीही म्हातारी होते, आता रंग लावावा लागत नाही एवढाच फरक. त्यामुळे भाऊंसोबत मी फिरले खूप. तिवसा, बाळापूर, तेल्हारा, जिथे म्हणून कोणी चार फळ्या टाकून आम्हाला बोलावलं तिथे तिथे.

तेल्हाऱ्याला तर मरता मरता वाचलो. मंडपवाल्याने वीज जोडून दिली होती. दुसरा अंक सुरू होता. एकाएकी डावीकडचे दिवे मंदावले आणि उजवीकडचे उजळायला लागले. उजळतात उजळतात, पांढरे फक्क होतात. लोकांना वाटलं दिग्दर्शकाची करामत. टाळ्या सुरू. आणि भाऊ डिमर सोडून माणसं तुडवत धावत सुटले, त्यांनी मेन स्विच ओढला. तेवढ्यात दोन दिवे फुटलेच, स्पीकरच्या पेटीतून धूर निघाला. न्यूट्रलची तार नुसती पिळून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती, ती निसटली होती.

मंडपवाला म्हणाला, "एका तारीनं एवढं काय होते?"

भाऊ खाली बसले, त्याला शेजारी बसवलं. "तीन फेज म्हंजे तीन भाऊ, अन् न्यूट्रल म्हंजे घरातली माय. माय हाय तवर तिघं आपापल्या ताटात जेवतात. माय उठून गेली का एक दुसऱ्याच्या ताटातलं ओढते. एक उपाशी, अन् दुसऱ्याचं पोट फुटते. समजलं?"

तो बिचारा मान हलवत राहिला. आम्हाला मात्र भाऊंनी तिथेच एक नियम घालून दिला, आणि मी तो माझ्या सुनेलाही शिकवला आहे. "अंधार झाला तर बसून राहा. उजेड वाढला तर पळा."

आता यावर कोणी विचारेल, एवढा जाणता माणूस, मग हाताने कशाला तपासायचा? मीटर नव्हतं? होतं. पण मीटरशी त्यांचं वैर होतं, आणि त्या वैराला मीच साक्षीदार आहे. अमरावतीच्या एका प्रयोगाला नवे डिमर भाड्याने आले, सोबत दोन शिकलेले इंजिनियर. एका चॅनलचं बटण शून्यावर, तरी त्यांच्या मीटरवर दीडशेच्या घरात आकडा. ते म्हणाले, डिमर खराब आहे, परत पाठवा, प्रयोग रद्द करा. भाऊंनी पिशवीतून शंभराचा बल्ब काढला आणि त्या चॅनलला लटकवला. बल्ब काळा. म्हणाले, आता लावा मीटर. आकडा गायब. डिमर ठणठणीत होता. त्यावर काही जोडलेलं नसलं की तो बंद असूनही थोडी वीज झिरपते आणि मीटर तेवढ्यालाच भुलतं, असं काहीसं ते होतं.

"रिकाम्या डिमरचं अन् रिकाम्या मान्साचं बोलनं मनावर घ्याचं नाई," भाऊ त्या दोघांना म्हणाले. "काम द्याचं, मंग पाहाचं." आणि आमच्याकडे वळून, "मीटरले विचारावं लागते. हाताले विचारावं लागत नाई."

आम्ही हसलो. त्या दोन पोरांची जिरली म्हणून आम्हाला फार आनंद झाला. तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये मीटरचं नाव निघालं नाही. हे आमचं चुकलं. पण चुकताना कुठं कळतं.

भाऊंच्या चहात चार चमचे साखर. घरी वहिनी ओरडायच्या म्हणून ते माझ्याकडे येऊन प्यायचे. वहिनी मला रस्त्यात गाठून सांगायच्या, "ताई, त्याइची शुगर उतरून नाई राहिली, तुमी चहा देऊ नका." मी बरं म्हणायची आणि द्यायची. माझाही दोष आहे, लिहून टाकते. एकदा ते आले तर पायात एकच चप्पल. मी म्हटलं, "भाऊ, जोडीदार कुठं गेला?" त्यांनी खाली पाहिलं. "अरे." मग मागे जाऊन गल्लीच्या तोंडाशी पडलेली चप्पल घेऊन आले. हा किस्सा मी किती जणांना हसत हसत सांगितला असेल, त्याला गणती नाही. डोक्यातच दिवे लावून फिरतात, खाली बघायला वेळ कुठे, असं म्हणायची मी.

आता अकोल्याचं सांगते. तीनेक वर्षं झाली. स्पर्धा होती. आमचे दिग्दर्शक म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक मास्तर, त्यांनीच नाटक लिहिलेलं. गावात एकच हापशी, तीही आटत चाललेली, आणि तिच्यापाशी ठाण मांडून बसलेली एक म्हातारी. म्हातारी अर्थात मी. सहा महिने तालीम केली. मास्तरांनी शाळा सांभाळून, बायकोची बोलणी खाऊन हे उभं केलं होतं. पुढच्या वर्षी ते रिटायर होणार. ही स्पर्धा त्यांना जिंकायचीच होती, आणि आम्हालाही वाटत होतं की या वेळी नंबर आपला.

मास्तरांना हापशीतून खरं पाणी हवं होतं. म्हणून भंगारातून खरीखुरी हापशी आणली, फळ्यांच्या ओट्यावर बसवली, आणि ओट्याखाली पाण्याचा ड्रम ठेवून त्यात मोटार सोडली. कोणती? कूलरची. वऱ्हाडातल्या माणसाला पाण्याचं काहीही करायचं म्हटलं की कूलरची मोटारच आठवते. आणि कूलरचा शॉक आम्हाला नवा आहे का? पाणी टाकताना आधी स्विच बंद कर, हे आम्ही लेकरांना बाराखडीच्या आधी शिकवतो. तरी आम्हा सोळा जणांत एकालाही काही वाटलं नाही. मीही त्यातलीच.

सकाळी भाऊ हॉलच्या पॅनलवर न्यूट्रल तपासत होते. तेवढ्यात मास्तरांनी मोटारीची पिन एका रिकाम्या डिमरच्या सॉकेटमध्ये खोचली. म्हणजे दिव्यांसारखंच पाणीही बोर्डावरून सुरू करता येईल. त्यांना वाटलं, काय युक्ती काढली. तेव्हापासून ओट्याखालून गुणगुण यायला लागली. मला वाटलं, भुंगा शिरला असेल.

दुपारी तीनला सगळे बाहेर जेवायला गेले. मी मागे राहिले, लुगड्याचा काठ टाचायचा होता. भाऊंनी बोर्डावर जाऊन सगळे डिमर पूर्ण चढवले, खाली आले, चपला काढल्या, फिरले. हापशीच्या दांड्याला हाताची पाठ टेकवली, तोटीला टेकवली. "चाल," म्हणाले आणि कोपऱ्यात केबल गुंडाळत बसले.

मी म्हटलं, जरा हात बसवून घ्यावा. ओट्यावर पाणी सांडलं होतं, त्यात माझे अनवाणी पाय. मी दांडा धरला.

बोटांपासून खांद्यापर्यंत मुंग्यांची रांग धावली. मी हात झटकला आणि तिथेच खाली बसले.

"काय झालं, ताई?"

"हापशीत करंट हाय, भाऊ."

"आत्ताच तं फिरलो मी."

"हाय म्हणते ना."

ते उठून आले. दांड्यावर हाताची पाठ ठेवली. ठेवलीच. "काई नाई," म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. ते माझी समजूत काढत नव्हते. त्यांना खरंच काही लागत नव्हतं.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला टेस्टर असायचा, स्क्रू पिळण्यापुरता. तो मी काढला आणि दांड्याला लावला, त्यांच्या हातापासून चार बोटांवर. आतला दिवा लाल झाला. त्यांचा हात तसाच दांड्यावर, आणि शेजारी तो लाल ठिपका. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. मग त्यांनी हात काढला, सावकाश, जसा दुसऱ्याचा हात उचलून बाजूला ठेवावा तसा, आणि जाऊन मेन बंद केला.

पाच मिनिटांत त्यांनी सगळं शोधून काढलं. ओट्याखाली पालथे पडून मोटारीची तार धरून मागे मागे गेले ते डिमरपर्यंत. "मोटार डिमरवर कोनं लावली? अर्ध्या पोटावर ठेवून पुरं काम सांगून राहिले तिले. जळते नाई तं काय." मोटार हातात घेतली तर चटका बसेल इतकी तापली होती. आतल्या तारांवरचं कातडं जळून वीज पाण्यात, पाण्यातून लोखंडात. बाहेर जायचा रस्ता असतो तो अर्थिंगचा. नेहमी भाऊ हॉलच्या मागे जमिनीत लोखंडी सळई ठोकून स्वतःची अर्थिंग करायचे. इथे मागे सगळीकडे नवी फरशी बसवलेली, म्हणून हॉलच्या तारेवर भागवलं. आता ती तार पाहिली तर खिडकीच्या गजाला बांधून ठेवलेली, जमिनीत गेलेलीच नव्हती.

हे सगळं त्यांनी केलं आणि मी बघत होते. पण माझं लक्ष त्यात नव्हतं. माझं लक्ष त्यांच्या हातावर होतं. तापलेली ती मोटार त्यांनी उजव्या हातात धरली होती आणि धरूनच बोलत होते.

"ठेवा ती खाली," मी म्हटलं.

ते माझ्याजवळ येऊन बसले. माझ्या बांगडीला सेफ्टी पिना असतात, शिवणकामवालीची सवय. भाऊ हापशीकडे बघत असताना मी एक पीन उघडली आणि त्यांच्या उजव्या हाताच्या पाठीला टोचली. चांगली टोचली. ते हापशीकडेच बघत राहिले. रक्ताचा थेंब वर आला, गोल, मण्यासारखा, तरी ते हापशीकडेच बघत होते. माझा श्वास अडकल्याचा आवाज ऐकून त्यांनी वळून पाहिलं, मग हाताकडे पाहिलं. अंगठ्याने थेंब पुसला.

मी पीन बंद करून परत बांगडीला अडकवली.

"किती दिवस झाले, भाऊ?"

"दिवस नाई, ताई."

"मंग?"

"पायापासून सुरू झालं. मंग हात. शुगरनं होते म्हने डॉक्टर. चार वर्षं झाली असतीन."

चार वर्षं. मी तिथे बसल्या बसल्या मोजायला लागले. खाट, झोपाळे, कंदील, सायकल. किती प्रयोग, किती गावं. आणि मग आठवलं. बालनाट्य. माझी नात परी झाली होती. लोखंडी झोपाळ्यावर बसून वरून खाली येणारी परी. झोपाळ्याला दिव्यांची माळ गुंडाळलेली. भाऊंनी झोपाळ्यावर हात फिरवला, "चाल" म्हणाले, आणि मी स्वतः, माझ्या या हातांनी तिला उचलून त्यावर बसवलं होतं.

"माही नात झोपाळ्यावर बसली थ्या वेळेस तुमाले हाताचं काई समजत होतं?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"तरी चाल म्हनलं तुमी?"

"म्हनलं."

मी आयुष्यात कोणावर हात उचलला नाही. त्या दिवशी उचलला असता. मग त्यांनीच बोलायला सुरुवात केली, माझ्याकडे न बघता.

"हात गेला म्हनून सांगतलं असतं तं माह्यापाशी काय राहते, ताई? एलईडी लावनारे गल्लीत दहा हायेत. मोबाईलवरून दिवे चालवतात. तुमी लोकं मले दिव्यासाठी थोडी बोलावता, हातासाठी बोलावता. मले वाटे, तारा मी चांगल्याच जोडतो, काई होत नाई. अन् झालं नाई न."

"आज झालं."

"आज झालं."

"सांगा सगळ्याइले. तुमी सांगा, नाई तं मी सांगते."

"आजचा दिवस जाऊ द्या. मास्तरचं सहा महिन्याचं हाय."

"आज थे हापशी मलेच धरायची हाय, भाऊ."

ते हाताची पाठ उलटी-सुलटी करून पाहत बसले, दुकानात कपडा पाहतात तशी. मग म्हणाले, "बरं."

चारला मंडळी जेवून आली. भाऊंनी सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं आणि उभ्यानेच सांगितलं. हापशीत करंट होता. मी हात फिरवला होता. मला समजला नाही. चार वर्षांपासून हाताला काही समजत नाही.

मला वाटलं, आता गहजब होणार. झालं उलटंच. कोणी विश्वासच ठेवला नाही. एक जण हसला. मास्तर म्हणाले, "काय मस्करी करून राहिले, भाऊ. थकले तुमी. मोटारीचं माहं चुकलं, काढून टाका मोटार. बिनपान्यानं करू." मी पुढे होऊन म्हटलं की मी पीन टोचून पाहिली. तर सगळे माझ्याकडेच असे बघायला लागले की जसं मी काही अभद्र बोलले. त्यांना तो हात हवा होता. मेला असला तरी हवा होता. हे मला तेव्हा फार भयंकर वाटलं.

भाऊ म्हणाले, "मी आज फिरत नाई. एक-एक तपासतो."

आणि त्यांनी सुरू केलं. प्रत्येक केबल उलगडायची, बोटांना कळत नाही म्हणून डोळ्यांजवळ नेऊन पाहायची. प्रत्येक डिमरला बल्ब लटकवून शून्यापासून वर, वरून शून्यावर. हॉलच्या माणसाला उठवून मागची एक फरशी काढायला लावली, तिथे सळई ठोकली, मीठ-पाणी ओतलं. मग सिरीजचा बल्ब, म्हणजे फेज आणि सळईच्या मध्ये एक बल्ब, जोडून तो पेटतो का ते पाहिलं. मग शिडी. वरच्या पाइपावरचा एक-एक दिवा, त्याचं अंग, त्याची क्लॅम्प. जवळच्या दुकानातून मीटर मागवलं. ज्या मीटरला त्यांनी आयुष्यभर नावं ठेवली ते गळ्यात अडकवून हा माणूस शिडी चढत-उतरत होता. पायांना पायऱ्या कळत नव्हत्या, म्हणून प्रत्येक पायरीकडे खाली बघून पाय ठेवायचे. ती चप्पल का पडली होती, ते मला तेव्हा समजलं.

पाच वाजले, सहा वाजले. सातला पडदा उघडायचा होता. सातला संयोजक आले, म्हणाले, पंधरा मिनिटं सवलत. त्यानंतर प्रयोग करा खुशाल, पण स्पर्धेतून बाद.

सात-दहाला मास्तर शिडीच्या खाली हात जोडून उभे राहिले. "किती राहिले?"

"सात," वरून भाऊ म्हणाले.

"एवढे पाहिले, काई निघालं?"

"अजून तं नाई."

"मंग खाली या, भाऊ. पाया पडतो. एक चक्कर मारा फक्त. पोरं भेली हायेत. तुमी फिरले का उभी राहतीन."

"मास्तर, हा हात नाई. हातमोजा हाय."

"असू द्या."

विंगेत सगळे तयार उभे. मी हापशीपाशी, लुगडं नेसून, केस पांढरे. घड्याळात दोन मिनिटं उरलेली. आणि त्या वेळी माझ्या तोंडातून जे निघालं ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मी, जिने पीन टोचली, जिने रक्त पाहिलं, जिची नात त्या झोपाळ्यावर बसली होती, ती मी म्हणाले, "फिरवून टाका ना, भाऊ. कोनाले काय समजते."

बोलले आणि माझाच आवाज मला ओळखू येईना.

भाऊंनी शिडीवरून माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही. पायाखालची पायरी पाहिली, एक पाय खाली ठेवला, दुसरा ठेवला, शिडी सरकवली आणि पुढच्या दिव्याला मीटर लावलं.

सव्वासात झाले. संयोजकांनी माईकवरून सांगितलं की हा प्रयोग आता स्पर्धेबाहेर होईल. मास्तर विंगेतल्या ट्रंकेवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कोणीतरी भाऊंना ऐकू जाईल असं म्हणालं, "बुढ्यानं मारलं आपल्याले." त्या दिवसानंतर भाऊ आमच्यासोबत कधी आले नाहीत. बोलावलंही नाही कोणी. अमरावतीत घरीच असतात आता. मी जाते, बिनसाखरेचा चहा पिऊन येते.

त्या संध्याकाळी ते सात दिवे संपायला वीस मिनिटं लागली. ते खाली उतरले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. मास्तर ट्रंकेवरून उठले नाहीत, तिथूनच म्हणाले, "निघालं काई?"

"नाई."

"एकातही नाई?"

"नाई."

"मंग कायले केलं हे, भाऊ?"

"नाई निघालं, हेच पाहाचं होतं," भाऊ म्हणाले. मीटर गळ्यातून काढून ट्रंकेवर ठेवलं आणि डिमरकडे गेले. जाताना मला म्हणाले, "जा, ताई."

हात फिरला नव्हता. "चाल" झालं नव्हतं. समोर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. कोणी विंगेतून हलेना. मी एकटी पुढे गेले, ओट्यावर चढले. डिमरपाशी ते उभे होते, डावा हात खिशात नव्हता, दोन्ही हात बोर्डावर. रंगमंचावर हळूहळू पहाट झाली, हापशीवर उजेड आला. मी तळहाताने, पूर्ण मुठीने दांडा धरला.

लोखंड गार होतं. नुसतं गार. दुसरं काही नाही.